एका घरचे किती गणपती

दिनानाथच्या दुकानात वर्षाचे अकरा महिने कापूर, उदबत्त्या, वह्या आणि शाईच्या दौती विकल्या जात, आणि त्या अकरा महिन्यांत त्याच्या डोक्याला काडीचा ताप नसे. कापूर उरला तर पुढच्या महिन्यात जाईल. वही कमी पडली तर गिऱ्हाईक कुरकुरेल आणि उद्या पुन्हा येईल. पण आषाढ लागला की या माणसाचं अन्न गोड लागेनासं व्हायचं, कारण भाद्रपदात तो गणपती विकायचा. आणि गणपती एक जास्त आणून भागत नाही, एक कमी आणूनही भागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळ्याच मालाचं असतं. नाही हो, तसं नसतं. कमी पडला तर काय, ते नीट ऐका. पनवेलच्या आसपासच्या गावांतला माणूस चतुर्थीच्या आदल्या दिवशी डोक्यावर पाट घेऊन चिखल तुडवत येतो. घरी मखर बांधून तयार असतं, बायकोने भिंती सारवलेल्या असतात. त्याला तुम्ही सांगणार की देव संपले? आणि जास्त झाला तर त्याहून वाईट. दिनानाथच्या वडिलांचा दंडक होता की डोळे रंगवलेला देव माळ्यावर टाकायचा नाही. उरेल तो घरात बसवायचा, त्याला नैवेद्य दाखवायचा आणि रीतीने खाडीत पोचवायचा. एका वर्षी अंदाज असा काही चुकला की दिनानाथच्या घरात सात गणपती बसले. त्याची बायको दमयंती तेव्हा नवी नवरी होती. एकवीस साते एकशे सत्तेचाळीस मोदक वळून तिची बोटं आखडली, आणि ते तिने नवऱ्याला अजून विसरू दिलेलं नव्हतं.

बरं, आधी नावं लिहून घ्यावीत, विसार घ्यावा, तर वडिलांचा दुसरा दंडक आडवा. देवाचा विसार घ्यायचा नाही. तेव्हा सगळा कारभार अंदाजावर. गिऱ्हाइकाला विचारलं तर तो म्हणे, "येनार की शेट, दरसाल येतो तसा." वडिलांची रीत सोपी होती. गेल्या साली जितके गेले, त्यात दोन मिळवायचे आणि पेणच्या कारखान्याला पत्र टाकायचं. उरले तर घरात जागा होतीच.

दिनानाथने ती रीत सोडली ती काशीरामामुळे. आदल्या वर्षी त्याने चौसष्ट गणपती आणले आणि चौसष्ट गेले. दुकान रिकामं, मन खूश. आणि तेवढ्यात करंजाड्याचा काशीराम दारात उभा. उन्हाळ्यात तो भावापासून वेगळा झाला होता, हे दिनानाथच्या गावीही नव्हतं. काशीराम रागावला नाही. रिकामा पाट काखेत मारून तो परत गेला आणि त्याने घरी शेतातल्या मातीचा गोळा पुजला, असं नंतर कानावर आलं. दिनानाथला ते फार लागलं. त्यातून त्याच्या लक्षात एक गोष्ट आली, की वहीत चौसष्ट लिहिले आहेत ते गेलेले. हवे होते पासष्ट. जो रिकाम्या हाताने गेला त्याची नोंद कुठल्याच वहीत नसते, आणि आपण बावळटासारखे त्याच वहीवर पुढच्या वर्षाचा आकडा बांधतो. हे त्याला दिसलं हे खरं. पण दिसल्यावर करायचं काय, हे दिसेना.

शेजारी वहाबभाईंचं तवे-पातेल्यांचं दुकान होतं. माणूस शांत, बोलणं तोलूनमापून. दिनानाथचं रडगाणं ऐकून ते म्हणाले, "दिनानाथशेट, तुम्ही माणसं मोजता. चुली मोजा. चूल वाढली की तुमचा गणपती वाढला."

"चुली मोजायला मी काय लोकांच्या स्वयंपाकघरात शिरू?"

"त्याची जरूर नाही. मी आहे ना. घरात तवा पिढीभर टिकतो. लग्नसराईत तवा जातो तो ताट-वाटी, हंडा-कळशीबरोबर जातो. पण आषाढात एखादी बाई येते आणि नुसता एक तवा घेऊन जाते, तेव्हा मी समजतो. तवा गेला की समजा चूल वेगळी झाली."

दिनानाथला हे इतकं पटलं की त्याने वहाबभाईंना हॉटेलातून मागवून चहा पाजला. आणि खरंच सांगतो, युक्ती होतीच नामी. ज्येष्ठापासून वहाबभाईंकडून नऊ सुटे तवे गेले होते. त्यातले दोन एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलात गेले, ते सोडले. एक ज्या घरी गेला त्या घरात गणपतीच बसत नव्हता. दोन घरांची चूल वेगळी झाली तरी देव थोरल्याकडेच बसायचा होता. राहिले चार. गेल्या सालचे चौसष्ट, एक काशीराम, वर हे चार. एकोणसत्तर. दिनानाथने पेणला पत्र टाकलं, एकोणसत्तर धरा, आकड्यात फेरफार असला तर नागपंचमीपर्यंत कळवतो. पेणवाल्यांची ती मुदत होती. पंचमीनंतर रंगाचं काम सुरू झालं की ते कुणाचं ऐकत नसत.

इथे गप्प बसला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण नाही. पठ्ठ्याला वाटलं, चार तवे आहेत, चौघांची खात्री करून घेऊ. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या चारांतला एक तवा वडघरच्या जनीने नेला होता. जनी म्हणजे गोदूबाईची धाकटी सून. गोदूबाईला सगळा बाजार ओळखत असे. नवरा मिठागरावर वारला तेव्हा पोरं लहान होती, तिने शेत कसून आणि मासळी विकून त्यांना वाढवलं. थोरला काळूराम, त्याची बायको भामा. धाकटा रामू, त्याची बायको जनी. घर एक, चूल एक, गणपती एक. तो न्यायला दोघे भाऊ बरोबर येत. काळूरामच्या डोक्यावर पाट आणि मागून रामूने देवावर धरलेली छत्री. कितीही पाऊस असो, रामू स्वतः भिजे आणि छत्री देवावरून हलू देत नसे. हे दरवर्षी बघायला दिनानाथला आवडायचं.

तर आषाढ संपता संपता बाजाराच्या दिवशी रामू आणि त्याची वहिनी भामा कापूर घ्यायला दुकानात आली. दिनानाथने पुडी बांधता बांधता, अगदी सहज, हवापाण्याचं विचारावं तसं विचारलं, "काय रामू, यंदा तुझा गणपती वेगळा ना? वीतभर आणू की हातभर?"

रामू त्याच्याकडे बघतच राहिला. "माजा येगला? क्याला?"

"नाही, म्हणजे तवा नेलात ना नवा," दिनानाथ म्हणाला.

भामाने पुडी उचलली आणि ती तडक बाहेर पडली. रामू तिच्या मागे गेला. दिनानाथला क्षणभर वाटलं, आपण काहीतरी बोलून बसलो. मग दुसरं गिऱ्हाईक आलं आणि तो विसरला.

आठ दिवसांनी गोदूबाई आली. डोक्यावर पाटी नाही, हातात पिशवी नाही, नुसती आली आणि दुकानाच्या पायरीवर बसली. पाण्याचा तांब्या दिला तो तिने बाजूला ठेवला.

"माजे घरान दुसरी चूल पेटली," ती म्हणाली. "तुज्या तोंडानं पेटली."

दिनानाथ गल्ल्यावरून उठून पायरीपाशी आला. तिने सगळं सांगितलं. भामा घरी गेली आणि तिने जनीला विचारलं, तवा कुणाला विचारून आणलास. जनी म्हणाली, माझ्या मासळीच्या पैशाने आणला, विचारू कुणाला. भामा म्हणाली, म्हणजे बाजारात सगळ्यांना ठाऊक आणि घरात आम्हालाच ठाऊक नाही. काळूराम रामूला म्हणाला, वेगळं निघायचं होतं तर मला सांगायचं, गणपतीवाल्याकडून कळायला नको होतं. रामू म्हणाला, मी निघत नव्हतो, पण तुम्ही ठरवलंच आहे तर निघतो. दिवस मावळायच्या आत पडवीत तीन दगड मांडले गेले.

"ऐक शेट," गोदूबाई म्हणाली. "चुली दोन झाल्या. भाकऱ्या येगल्या झाल्या. ता मी सोसलं. पन देव येगला झाला तर माजा घर परत जमायचा नाय. तू रामूचा गणपती आनू नको. दुकानान नसला, तर तो येईल थोरल्याकडं आरतीला. झक मारत येईल. मंग मी बघतंय पुढं."

"आणत नाही," दिनानाथ म्हणाला. त्या वेळी त्याला तेच सरळ वाटलं. अडुसष्ट. त्याने कार्ड काढलं, पेणचा पत्ता लिहिला, आणि मजकूर लिहायच्या आधी दमयंतीला सगळं सांगितलं.

दमयंती म्हणाली, "तुम्ही गणपती विकता की घरं फोडता?"

"अगं, तव्यावरून मला वाटलं."

"तव्यावर भाकरी भाजतात. त्याच्यावरून लोकांचे संसार वाचत नाहीत." ती आत गेली. मग परत बाहेर येऊन म्हणाली, "आणि तो रामू आला पाट घेऊन, तर? काशीरामासारखा उभा राहील ना दारात."

झालं. कार्ड तसंच राहिलं. आता दिनानाथची अवस्था बघा. देव आणला तर घर फुटतं, आणि फोडणारा आपण. नाही आणला तर एक माणूस रिकाम्या पाटाने परत जातो, आणि पाठवणारा आपणच. आजवर त्याला वाटायचं की आकडा बाहेर कुठेतरी आहे, तो फक्त ओळखायचा असतो. आता त्याला कळेना, की आपण आकडा ओळखतोय की घडवतोय.

दोन दिवसांनी रामू आणि जनी आली. रामू मान खाली घालून म्हणाला, "शेट, माजा ल्हान येगला ठेवा."

दिनानाथने धीर करून जनीलाच विचारलं. "जनीबाई, एक खरं सांगा. तो तवा कशाला घेतला होता तुम्ही?"

"घराचाच व्हता," जनी म्हणाली. "जुना तडकला व्हता जेठ महिन्यान. भाकर मधी करपायची. म्हनून आनला."

"म्हणजे वेगळं व्हायचं मनात नव्हतं?"

जनी म्हणाली, "नव्हता. पन तुमी इचारलात तवा वाटला, आसाबी होऊ शकते. तोवर कवा सुचलाच नव्हता."

ते दोघे गेले. संध्याकाळी वहाबभाईंनी त्याच्यावर कळस चढवला. काळूराम येऊन एक तवा घेऊन गेला होता. नवा तवा जनीने पडवीत नेला, जुना तडकलेला, मग थोरल्यांनी भाकरी भाजायची कशावर?

"म्हणजे वहाबभाई, पहिला तवा चुलीचा नव्हताच."

"नव्हता. दुसरा मात्र आहे."

"पण दुसरा पहिल्यामुळे!"

"पहिल्यामुळे नाही शेट. तुमच्या विचारण्यामुळे." वहाबभाईंना स्वतःलाच वाईट वाटलं असावं, कारण ते पुढे म्हणाले, "माझंही चुकलं. मी तवे विकायचे, मतलब काढायला नको होते. पण एक सांगू का? कावळा बसायला आणि फांदी मोडायला. कुणास ठाऊक, फांदी आतून पोकळच असेल. खुदा जाणे."

ही पोकळ फांदी दिनानाथने रात्रंदिवस डोक्यात धरून ठेवली. कधी वाटे, घर मुळातच फुटायचं होतं, घरोघरी मातीच्या चुली. कधी वाटे, नव्हतं फुटायचं, धडधाकट घर होतं, आपणच त्यात बोट घातलं. नागपंचमीच्या दिवशी त्याने तीन कार्डं लिहिली. एकात अडुसष्ट, एकात एकोणसत्तर, आणि एकात सत्तर. सत्तर का, हे त्याला स्वतःला सांगता आलं नसतं. दुपारचं टपाल जायची वेळ झाली तेव्हा तिन्ही कार्डं हातात धरून तो पोस्टाच्या पेटीपाशी उभा होता. शेवटी त्याने एकही टाकलं नाही. मागचं एकोणसत्तर कायम राहिलं. न ठरवणं म्हणजेही ठरवणंच, पण त्याचं ओझं जरा कमी वाटतं, नाही का. रामूचा वीतभर गणपती त्याने मनाशी असा ठरवला, की आणायचा खरा, पण मागच्या फळीवर पडद्याआड ठेवायचा. मागितला तर द्यायचा. नाही मागितला तर घरी बसवायचा. गोदूबाईला दिलेला शब्दही मोडत नाही आणि रामूही अडत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. समजूत घालायला काय जातं.

पेणहून ट्रक आला. पेंढ्यातून देव बाहेर निघाले. हरतालिकेच्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत काशीराम पाट घेऊन हजर होता. त्याला त्याचा गणपती देताना दिनानाथला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. मग गर्दी लोटली. दुपारपर्यंत चाळीस गेले, तिसऱ्या प्रहरापर्यंत साठ. ज्यांच्या तव्यावरून त्याने अंदाज बांधला होता त्या बाकीच्या तीन घरांचीही माणसं आली आणि आपापला देव घेऊन गेली. म्हणजे युक्ती बरोबर होती. तीन ठिकाणी बरोबर आणि एका ठिकाणी नाही, की चारही ठिकाणी बरोबर? त्याचा विचार करायला वेळच नव्हता.

दिवेलागणीला दोनच उरले. फळीवर वडघरचा नेहमीचा हातभर, आणि पडद्याआड वीतभर. वडघरहून कुणी आलं नव्हतं. काळूराम नाही, रामू नाही, छत्रीही नाही.

तेवढ्यात खाकी कपड्यातला एक माणूस आला. एस.टी.चा ड्रायव्हर, नुकताच बदलून पनवेलला आलेला, भाड्याच्या खोलीत संसार. म्हणाला, बायको म्हणते नव्या गावी पहिलाच गणपती चुकायला नको, लहानसा असेल तर बघा. दिनानाथने रस्त्याकडे पाहिलं. रामू आला नव्हता, म्हणजे आईचं म्हणणं खरं झालं असणार, तो थोरल्याकडे वळला असणार. असा त्याने अंदाज केला, आणि पडदा सारून वीतभर गणपती ड्रायव्हरच्या हातात दिला. दुकानात एकच देव उरला. त्याचा मालक आता येईल, म्हणून त्याने दुकान उघडं ठेवलं. कुणी आलं नाही.

वडघरच्या त्या घरासाठी दिनानाथने एक धरला होता, दोन धरले होते, एकदा तर तीनही धरले होते. शून्य मात्र त्याने कधीच धरलं नव्हतं.

चतुर्थीच्या सकाळी त्याने आंघोळ केली, घरचा पाट घेतला, देवाच्या तोंडावर रुमाल टाकला आणि निघाला. दमयंती म्हणाली, "छत्री कोण धरणार?" आणि स्वतःच पदर खोचून, छत्री घेऊन त्याच्यामागे खाडीपर्यंत आली. तिथे होडीवाल्याने देव बघून जागा करून दिली. पलीकडे बांधावरून चालताना दिनानाथ एकटा होता आणि पाऊस भुरभुरत होता. त्याने खांद्यावरचं उपरणं देवावर टाकलं. भीती वाटत होती ती घसरण्याची नाही. तिथे जाऊन म्हणायचं काय, याची.

गोदूबाईच्या अंगणात तो उभा राहिला. घराला पुढचं दार एक होतं आणि पडवीला कूड फोडून नवीन केलेलं दुसरं. पुढच्या दारात काळूराम बसला होता. पडवीच्या दारात रामू. दोन्हीकडे मखर बांधलेलं दिसत होतं आणि दोन्ही मखरं रिकामी होती.

"काल कुणी आलं नाही," दिनानाथ म्हणाला.

काळूराम म्हणाला, "पाट काढून बसलो व्हतो. छत्री धराला हा आला नाय."

रामू म्हणाला, "मना कोनी हाक मारली नाय."

"मग तू तुझा वेगळा न्यायला तरी यायचंस," दिनानाथ म्हणाला.

"निघालो व्हतो," रामू म्हणाला. "होडीपरत गेलो. दादाच्या आदी कसा न्यायचा? दादा जाऊन येऊ दे, मंग जाऊ, म्हनून थांबलो."

दिनानाथला हसावं की रडावं कळेना. दोघेही एकमेकांसाठी थांबले आणि त्यातून देव राहिला. हात भरून आले होते. तो म्हणाला, "बरं, आता याला कुठल्या दाराने नेऊ?"

"हिकडं," काळूराम म्हणाला.

"हिकडं," रामू म्हणाला.

एकाच दमात म्हणाले दोघेही. काल शून्य होतं, आज दोन झाले, आणि दिनानाथच्या हातात एक. भामा दारात आली, जनी दारात आली. काळूराम म्हणाला, हा बापाच्या वेळेपासूनचा आमचा मोठा गणपती आहे. रामू म्हणाला, मी शेटला सांगून ठेवलं होतं, माझा कुठे आहे तो दाखवा. दिनानाथला सांगावं लागलं की तो काल ड्रायव्हरला दिला. रामूचं तोंड उतरलं, आणि बरोबर गेल्या वर्षी काशीरामाचं उतरलं होतं तसंच ते दिसलं. दिनानाथ पाट घेऊन मध्येच उभा. पाऊस वाढला.

गोदूबाई आतून आली. तिने कुणाकडे पाहिलं नाही. दिनानाथच्या हातातला पाट तिने आपल्या हातात घेतला आणि दोन्ही दारं सोडून अंगणाच्या टोकाला असलेल्या गुरांच्या गोठ्यात शिरली. गोठा आधीच शेणाने सारवलेला होता. म्हणजे तिने ठरवलं केव्हा, हे कुणालाच माहीत नव्हतं. कोपऱ्यात तिने देव ठेवला, बाहेर येऊन तीन दगड उचलले आणि आत मांडले.

"मीबी येगली झाली," ती म्हणाली. "ही माजी चूल. गणपती माज्या घरान बसला. ज्याला पाया पडाचा आसंल त्यानं हिकडं यावा."

काळूराम म्हणाला, "आये, आसा कोन करते?"

"तुमी करता. मी शिकली."

मग ती उठली आणि खरंच परक्या बाईसारखी भामाच्या दारात जाऊन उभी राहिली. म्हणाली, माझ्याकडे तांदूळ नाही, शेरभर दे. भामाने दिले. मग जनीच्या दारात गेली. म्हणाली, गूळ-खोबरं नाही, असेल तर दे. जनीने दिलं. पुन्हा भामाकडे, वाल दे. पुन्हा जनीकडे, तवा दे, मला विकत घेता येत नाही. दिनानाथ बघत होता. पाचव्या खेपेला तिने मागायला तोंड उघडायच्या आत जनी स्वतःच तेल घेऊन गोठ्यात गेली, आणि भामा नारळ खवायला तिच्या शेजारी बसली. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. फक्त सासूने सांगितलं ते करत होत्या. काळूरामने गोठ्याच्या गळक्या कोपऱ्यावर पेंढा टाकला आणि रामूने खालून तो वर दिला. तेही बोलत नव्हते.

पूजा झाली, दुपार टळली, पानं मांडली गेली. गोदूबाईने दिनानाथला जाऊ दिलं नाही. गोठ्यात एका ओळीत सगळे बसले, काळूराम, रामू आणि मध्ये दिनानाथ. भात वाढला गेला. चुली तीन झाल्या होत्या आणि जेवण एकीवर शिजलं होतं, देव एक होता आणि मखरं दोन, तीही रिकामी. दिनानाथ ते मनात मांडायला गेला आणि त्याचं सगळंच गडबडलं. पण सवय वाईट. जन्माची खोड ती. पहिला घास तोंडात टाकायच्या आत त्याच्या तोंडून निघून गेलं, "मग पुढच्या साली..."

सगळ्यांचे हात पानावर थांबले. त्याने जीभ चावली, पण शब्द तर गेला होता.

गोदूबाई पळी हातात धरून म्हणाली, "पुढल्या सालाला मी हाय का नाय, ता धर आदी. तुज्या वहीन त्याला घर हाय का?"

दिनानाथने मान हलवली. वहीत तसलं खातं नव्हतं.

"एकच आना शेट," रामू पानाकडे बघत म्हणाला.

आणि त्याच्या बोलण्यावरच काळूरामचं बोलणं आलं, "दोन आना. त्याला त्याचा ल्हान पाहिजे, तर तो आना."

मग दोघांनीही माना पानात घातल्या. कुणी कुणाकडे बघितलं नाही. गोदूबाई भात वाढायला वाकली ती तशीच वाकलेली राहिली, आणि त्या सगळ्या दीड महिन्यात पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती एक आणा म्हटल्यामुळे रडत होती की दोन आणा म्हटल्यामुळे, हे दिनानाथला कळलं नाही. त्याने विचारलंही नाही.

तिने पदराने डोळे पुसले आणि दोन्ही मुलांच्या पानांत सारखा भात वाढला.